ताईनं फोन ठेवेपर्यंत

गिऱ्हाइकांना हाकलून लावायचा मला पगार मिळत असे. हाकलायचं, पण अशा गोडीनं की जाणाऱ्याला वाटलं पाहिजे, आपणच निघालोय. काहीजण तर जाताना आभार मानायचे. मराठी मंडळाच्या नाटकांत मी कित्येक वर्षं खाष्ट सासू रंगवली होती. ती सासू टोरोंटोत अशी पोटापाण्याला लागली.

कंपनी इंटरनेटची होती आणि स्कारबरोमध्ये एका टायरच्या दुकानाच्या डोक्यावर होती. पहिला बर्फ पडायच्या आत अख्ख्या शहराला विंटर टायर्स बसवून हवे असतात, त्यामुळे नोव्हेंबरभर खालून नट काढायच्या मशीनची घरघर चाले. फोनवरची माणसं विचारायची, "तुम्ही डेंटिस्टकडे आहात का?" मी म्हणायचे, "हो, तोंड उघडंच आहे, बोला."

मालक पंजाबी. आधी ते देशाच्या पश्चिम टोकाला, सरेमध्ये, किराणा दुकानांतून फोनकार्डं विकायचे. लोक आता कार्ड खरवडून आकडे दाबत बसणार नाहीत, कॉम्प्युटरवर बोलणार, हे त्यांनी वेळेवर ओळखलं आणि टोरोंटोला येऊन इंटरनेट विकायला सुरुवात केली. तारा आमच्या नव्हत्या. त्या मोठ्या टेलिफोन कंपनीच्या. आम्ही त्यांच्याकडून घाऊक भावानं घ्यायचो आणि किरकोळीत विकायचो. मोठी कंपनी वापरावर मर्यादा घालायची, तर आम्ही पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘अनलिमिटेड’ लिहायचो. त्या एका शब्दावर आमचं दुकान चालायचं. तो शब्द कुणी फारसा खरा मानू नये, एवढीच मालकांची अपेक्षा असे.

जो खरा मानी, त्याला आम्ही हत्ती म्हणायचो. "मॅडमजी, ये हाथी हमें खा जाएंगे," मालक दर महिन्याला म्हणायचे. दर महिन्याला परफॉर्मन्सची मीटिंग असे. समोसे यायचे, भिंतीवर वर जाणारा एक बाण लागायचा, आणि कर्ज देणाऱ्या बँकेतला टायवाला गोरा गृहस्थ समोसा खाता खाता तो बाण बघून जायचा. बाण वर राहायला हवा, तर हत्ती कमी व्हायला हवेत. ते दुसऱ्याच्या रानात घालवणं हे माझं काम.

आधी मला वाटायचं, हत्ती म्हणजे दिवसरात्र सिनेमे चोरणारी पोरं. तशी होतीही. पण बरेचसे हत्ती बेसमेंटमध्ये राहत. वर घरमालक, त्याची बायको, दारात दोन गाड्या आणि ईमेलपुरतं इंटरनेट. खाली एकाच कनेक्शनवर तीन-चार खोल्या. त्यांत फॅक्टरीत रात्रपाळी करणारे, वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालणाऱ्या बायका, टॅक्सी चालवणारे इंजिनियर. त्यांची मुलं मनिलात, लाहोरात, जाफन्यात वाढत होती, आणि आया इथे स्क्रीनसमोर बसून त्यांना "अजून एक घास" म्हणत होत्या. माणूस जितका खाली राहणारा, तितकं त्याला इंटरनेट जास्त लागे. हे मी एकदा मीटिंगमध्ये बोलून दाखवलं. मालक म्हणाले, "बात तो सही है मॅडमजी. समोसा लीजिए."

सगळ्यांत मोठा हत्ती मात्र बेसमेंटमधला नव्हता. चांगल्या वस्तीतला बंगला, राहणारं माणूस एक, आडनाव मराठी. आणि लाइन चोवीस तास चालू. बाकी हत्ती निदान झोपायचे, हा झोपतच नव्हता. मालकांनी स्वतःच्या कानाला हात लावला. "अकेली बुढ़िया है. दिन-रात क्या करती है? कोई भूत-वूत तो नहीं? आपकी ज़बानवाली है, आप ही देखिए."

मी आवाजात साखर घोळून फोन लावला.

"सापडलात एकदाच्या!" पलीकडून आवाज आला. "महिनाभर मी तुम्हाला फोन करतेय आणि तुमचं मशीन मला गाणी ऐकवतंय. रोज संध्याकाळी तुमच्या इंटरनेटमुळे माझ्या ताईचा श्वास अडकतो."

माझ्यातली सासू जागच्या जागी थिजली. "डॉक्टरांना दाखवलंत का, काकू?"

"मीच डॉक्टर आहे. उद्या संध्याकाळी चहाला या. फोनवर हे समजायचं नाही."

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर गेले. पाचलाच अंधार झाला होता. काकू साधारण ऐंशीच्या, अंगानं बारीक, सलवार-कमीजवर जाडजूड स्वेटर. त्या भूलतज्ज्ञ. सदुसष्टनंतर डॉक्टरांना इकडे दारं उघडली, तेव्हा नागपूरहून आलेल्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला त्यांचं ताट मांडलेलं होतं आणि दुसऱ्या टोकाला, जिथे पाहुण्याचं पान वाढावं तिथे, एक मोठी स्क्रीन. स्क्रीनवर झिरो बल्बच्या उजेडातली एक खोली, लोखंडी कॉट, आणि कॉटवर पांघरूण घेतलेली एक म्हातारी.

"कोण आलं गं?" स्क्रीन बोलली.

मी एवढ्या जोरात दचकले की पर्स पडली. नागपुरात पहाटेचे चार वाजत होते आणि ताई टक्क जाग्या होत्या. आवाज थेट काकूंचाच. डोळे मिटले तर दोघींतली कुठली बोलली, हे ओळखू येऊ नये इतका.

"इंटरनेटवाली आली आहे, ताई."

"हातात पाना-बिना काहीच नाही तिच्या."

"मी बोलायचं काम करते हो ताई," मी म्हटलं.

"बाप्पा! बोलायचे पैसे मिळून राहिले का तिकडे? मग आमच्या हिनं जन्मभर लोकांना झोपवलं कशाला?"

मला ही म्हातारी तत्क्षणी आवडली. तिनं मग माझं गाव विचारलं, नवरा काय करतो ते विचारलं, नवरा नाही म्हटल्यावर "बरं झालं" म्हणाली आणि चहात आलं घातलं का, याची बहिणीकडे चौकशी केली.

तीन हिवाळ्यांपूर्वी ताईंच्या अंगावरून वारं गेलं आणि एक बाजू लुळी पडली. तेव्हा त्यांच्या मुलानं खोलीत कॉम्प्युटर लावून दिला. लाइन पडली तरी पुन्हा आपोआप जोडली जाईल आणि वीज गेली तर इन्व्हर्टरवर चालेल, अशी सोय केली. पहिल्या दिवशी दोघी तासभर बोलल्या. मग काकू म्हणाल्या, "ठेव आता, ताई." ताईंचा हात कॉम्प्युटरपर्यंत पोचेना. आणि काकू ठेवणार कशा? त्यांच्या घरात मोठ्यानं फोन ठेवल्याशिवाय धाकट्यानं ठेवायचा नाही, ही ट्रंककॉलच्या काळापासूनची रीत.

"मग?" मी विचारलं.

"मग काय! राहिला चालू."

"म्हणजे तीन वर्षं हा एकच कॉल चालू आहे, काकू?"

"दुसरा कशाला हवा?"

मी पोट धरून हसले. असलं काही करायला मराठी माणसंच हवीत. जगात सगळ्यांत लांबलेला फोन, आणि कारण काय, तर शिस्त! काकू पोहे आणायला स्वयंपाकघरात गेल्या, तशी ताईंनी मला स्क्रीनजवळ बोलावलं.

"हात नाही पोचत हे खरं आहे," त्या हळूच म्हणाल्या. "पण दिवसा बाई असते न माझ्याजवळ. तिले सांगितलं तर एका मिनिटात ठेवील. मीच तिले म्हटलं, हात लावू नको, शॉक बसते. मी ठेवला, की ही एकटी पडते त्या बर्फात. सांगू नको तिले."

मी सांगितलं नाही. पोहे खाताना ताई दोन-तीन वाक्यं बोलल्या आणि बोलता बोलता त्यांना झोप लागली. काकूंनी खुर्ची स्क्रीनच्या जवळ ओढली. ताईंच्या छातीवरचं पांघरूण वर होई, खाली येई. काकूंचं बोट टेबलावर तसंच वर होई, खाली येई. त्यांना ते माहीत असावं असं वाटलं नाही.

आणि चित्र थांबलं. ताईंचं तोंड अर्धवट उघडं, पांघरूण वर आलेलं, आणि तसंच. काकूंचं बोट हवेत राहिलं.

"आता सांगा," त्या म्हणाल्या. "माझी ताई थांबली, का तुमची लाइन?"

मी नुसती त्या पांघरुणाकडे बघत राहिले. माझ्या लक्षात आलं की मीही श्वास धरून ठेवलाय. मग चित्राला एक हिसका बसला, पांघरूण खाली आलं आणि काकूंचं बोट टेबलावर टेकलं.

"रोज संध्याकाळी असं होतं," त्या म्हणाल्या. "ऑपरेशन करणाऱ्याचं नाव होतं. आम्ही पेशंटच्या उशाशी बसून श्वास बघतो. मी जन्मभर तेच केलं. तिथे अडकला तर काय करायचं ते मला ठाऊक होतं. इथे काय करायचं ते तुमच्या कंपनीनं सांगावं."

मी त्यांना हाकलायला आले होते, हे मला घरी परतताना बसमध्ये आठवलं.

भानगड अशी होती. संध्याकाळी सगळं शहर घरी येऊन इंटरनेटवर बसलं, की मोठी कंपनी लाइनी आवळायची. तिचं यंत्र तारेतून जाणाऱ्या मालाला हटकायचं, आणि ओळखीचा वाटला नाही तर सिनेमाचोराचा समजून रांगेत मागे ढकलायचं. सरकारी नियामक मंडळानं आवळायला मनाई केली नव्हती. आवळताय ते गिऱ्हाइकांना कळवा, म्हटलं होतं. आम्ही कळवलंही होतं. वेबसाइटवरचा तो मजकूर मीच लिहिला होता, कुणी शेवटपर्यंत वाचू नये अशा बेतानं. धंद्यासाठी घेतलेल्या लाइनी मात्र आवळल्या जात नसत. धंद्याचा श्वास अडकून कसं चालेल?

मग मी काकूंचा धंदा करून टाकला.

"कसला धंदा लिहू?" मी फोनवर विचारलं.

"रिकव्हरी रूम लिही," काकू ताबडतोब म्हणाल्या. तोवर त्या अगं-तुगंवर आल्या होत्या. "भूल उतरेपर्यंत माणसावर नजर ठेवणे. खोटं काही नाही त्यात."

मालक खूश. हत्ती जाण्याऐवजी जास्त पैसे देणाऱ्या वर्गात जाऊन बसला होता. "मॅडमजी, आप सेल्स में आइए," ते म्हणाले आणि भिंतीवरचा बाण थोडा आणखी वर वळवला. काकूंना पेन्शन होती, त्यांना परवडलं. वृद्धाश्रमात राबणाऱ्या बायकांना धंद्याची लाइन परवडणार नव्हती. त्यांच्या पोरांचे घास संध्याकाळी हवेत अडकायचे ते अडकतच राहिले.

मार्चमध्ये काकूंचा ऑफिसात फोन आला.

"ताई गेली," त्या म्हणाल्या. आवाज पेशंटच्या नातेवाइकांशी बोलावं तसा. "काल संध्याकाळी. ती झोपली होती. पांघरूण थांबलं. मला वाटलं, लाइन अडकली. आपण पैसे भरले तरी कधीकधी अडकायचीच, म्हणून मी वाट बघत बसले. मग तिच्या मागच्या भिंतीवरून एक पाल सरकत गेली."

खाली टायरवाल्यांचं मशीन चालू होतं. मी दुसरा कान हातानं झाकला.

"पाल अगदी सावकाश गेली," काकू म्हणाल्या. "तेव्हा कळलं, लाइन चालू आहे. फार छान लाइन करून दिलीस गं."

त्यांना हे कसं म्हणायचं होतं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी विचारलंही नाही. पण अजूनही कुणाचं चित्र स्क्रीनवर थांबलं, की मी त्या माणसाकडे बघत नाही. त्याच्या मागच्या भिंतीकडे बघते.

ताईंचा मुलगा हैदराबादहून आला. तेरा दिवसांचं सगळं स्क्रीनसमोर झालं आणि काकू इथे जेवणाच्या टेबलाशी सुतकात बसल्या. सगळं आवरून फ्लॅटला कुलूप लावायच्या वेळी त्यानं विचारलं, "मावशी, हे बंद करू का?"

"राहू दे रे सध्या," काकू म्हणाल्या.

तोही त्याच घरातला. मावशीनं ठेवल्याशिवाय तो काय ठेवणार? किल्ली शेजाऱ्यांकडे देऊन तो निघून गेला, आणि नागपूरच्या त्या बंद फ्लॅटमधली रिकामी खोली टोरोंटोच्या टेबलावर तशीच राहिली. कॉट, कॉटवर नीट अंथरलेली चादर, मागची भिंत, खिडकीतला कूलर.

मी दर शनिवारी सकाळी काकूंकडे जायला लागले. काकू आणि मी टोस्ट खायचो आणि तिकडे संध्याकाळ व्हायची. एवढं संथ नाटक मी आयुष्यात पाहिलेलं नाही. ऊन भिंतीवरून वर वर जाई. शेजारी कुकरच्या शिट्ट्या होत. कधी दाराची बेल वाजे, थांबे, पुन्हा वाजे, आणि कुणीतरी पावलं वाजवत निघून जाई. आम्ही दोघी खाणं थांबवून दाराच्या दिशेनं बघत राहायचो. उघडायला जावं असं मला दर वेळी वाटायचं. मग अंधार पडे, आणि तो अंधारही काकू बघत बसायच्या.

असंच एकदा, थंडीच्या दिवसांत, अंधार पडल्यावर कॉटवरची चादर हलली.

मी कप खाली ठेवला. चादर छातीच्या जागी जराशी फुगली, बसली. पुन्हा फुगली. पंखा बंद होता, खिडकी बंद होती. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी मी घसा खाकरून म्हटलं, "काकू, अंधारात कॅमेऱ्याला नीट दिसत नाही. मग तो आपल्या मनानं ठिपके भरतो. ते ठिपके नाचतात. बाकी काही नाही."

"मला माहीत आहे," काकू म्हणाल्या. "पण तू त्याच्याबरोबर श्वास घेत होतीस."

घेत होते. त्या आठवड्यात मी माझ्या काँडोत दिवे लावून झोपले.

पावसाळ्याच्या आधी मुलानं फ्लॅट भाड्यानं द्यायचं ठरवलं होतं, पण भाडेकरू टिकेना. टिकेना म्हणजे आत येऊन उभा राहीना. कारण मला काकूंकडूनच कळलं. ब्रोकर कुणालातरी घेऊन येई, खोलीचं दार उघडी, "बघा, किती हवेशीर," म्हणे, आणि कोपऱ्यातून आवाज येई, "त्या खिडकीतून पावसाळ्यात पाणी येतं हं."

पहिलं कुटुंब चपला घालायलाही थांबलं नाही. दुसऱ्या गृहस्थांना काकूंनी विचारलं, "आपण कुठले?" त्यांनी जिन्यातूनच आपलं गाव ओरडून सांगितलं. बिल्डिंगमध्ये बोभाटा झाला की आजी गेल्यात, पण जागा सोडत नाहीत. आवाज वॉचमननं स्वतः ऐकला होता आणि तो ताईंचाच होता. सगळ्या नागपूरला धाक घालणारं हे भूत इकडे गुडघ्यावर ब्लँकेट घेऊन मार्मलेड लावलेला टोस्ट खात बसलेलं असे.

"काकू, तुम्ही मुद्दाम करता."

"मी काय खोटं सांगितलं? पाणी येतंच."

त्या हसल्या, मीही हसले. पण ती खोली बंद झाली की काकूंना जायला दुसरी जागा नव्हती, हे मला दिसत होतं. त्यांनाही दिसत होतं. म्हणूनच त्या पाण्याचं सांगायच्या.

शेवटी ताईंच्या मुलानं मलाच फोन केला. बिचारा रडकुंडीला आला होता. "तुमची कंपनी लाइन कापू शकते ना? मावशीला मी बंद कर म्हणू शकत नाही. तुम्ही कापा. नियमात बसत नाही म्हणा."

गंमत अशी की नियम येऊ घातला होता. मोठ्या कंपनीला आमच्यासारख्यांकडूनही वापर मोजून पैसे घ्यायला परवानगी मिळणार होती. मालकांनी पाटीवरचा ‘अनलिमिटेड’ शब्द पुसायला माणूसही बोलावून ठेवला होता. ते एकदम म्हातारे दिसायला लागले होते. मग देशभर लोक खवळले. कधी सही न करणाऱ्यांनी निषेधाच्या अर्जांवर सह्या केल्या, मंत्र्यांना लिहिलं, आणि निर्णय फेरविचाराला परत गेला. मालकांनी लाडू वाटले. "अब हाथी भी जिएंगे, हम भी," म्हणत त्यांनी माझ्या तोंडात आख्खा लाडू कोंबला. तोंडात तो लाडू असतानाच मी नागपूरच्या फ्लॅटवाल्याला फोन करून सांगितलं, "सरकारचा तुमच्या मावशीला पाठिंबा आहे. मला काही करता येणार नाही."

"मग हे कोण बंद करणार?" त्यानं विचारलं. ह्याचं उत्तर कुठल्याही मंडळाकडे नव्हतं.

मे महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही चहा घेत होतो. नागपुरात उन्हं उतरली होती. खोलीचं दार किलकिलं झालं आणि ब्रोकरचा नुसता हात दिसला, तो आत बोट दाखवून मागे गेला. मग एक मुलगी आत आली. पंचविशीची असेल, हातात हिरवा चुडा, पदराऐवजी ओढणी. तिचा नवरा उंबऱ्याबाहेरच थांबला होता, त्याचा एक बूट तेवढा दिसत होता.

काकूंनी कप खाली ठेवला. "त्या खिडकीतून पावसाळ्यात..."

"पाणी येते," मुलगी म्हणाली. "वॉचमननं सांगितलं खाली. तुम्हीच का त्या?"

"त्या म्हणजे कोण?"

"भूत."

"हो," काकू म्हणाल्या.

"बरं." मुलगी भिंतीजवळ गेली आणि वितीनं भिंत मोजायला लागली. मोजता मोजता तिनं विचारलं, "आजी, तुम्ही कुठून बोलून राहिल्या?"

"टोरोंटोहून."

"लांब आहे न?"

"आहे थोडं."

"अहो, या न आत," मुलीनं नवऱ्याला हाक मारली. "चहा पिऊन राहिल्या त्या." बूट जागचा हलला नाही. मुलीनं हात झटकले आणि कॉटकडे बघितलं. "आजी, ही कॉट आम्ही काढायला सांगू हं. एप्रिलमध्ये लग्न झालं आमचं. आमचा डबलबेड इथेच बसते, बरोब्बर या भिंतीला."

आणि तिनं हात केला तो कॉटमागच्या, बरोब्बर आमच्या समोर येणाऱ्या भिंतीकडे.

काकूंचा चेहरा हळूहळू लाल झाला. ऐंशीव्या वर्षी माणूस असं लाजू शकतं हे मी तेव्हा पाहिलं.

"डबलबेड?" त्या म्हणाल्या. "इथे? ह्याच्या समोर?"

"हो न. दुसरीकडे जागाच नाही."

"अगं बाई!" काकूंनी गुडघ्यावरचं ब्लँकेट ओढून डोळ्यांपर्यंत घेतलं, जणू तो पलंग आत्ताच येऊन पडला होता. मग ब्लँकेटच्या आडून म्हणाल्या, "हे बघ बेटा. तू जरा बाहेर थांब. दार ओढून घे. मी बोलावेन म्हणून थांबू नकोस. आता मी बोलावणार नाही."

मुलगी क्षणभर स्क्रीनकडे बघत राहिली. मग तिनं खाली वाकून, कुणाच्याही घरातून निघताना मोठ्या माणसाला करावा तसा, त्या कॉम्प्युटरला नमस्कार केला आणि दार ओढून घेतलं.

खोली पुन्हा रिकामी झाली. ऊन भिंतीच्या माथ्यावर पोचलं होतं. काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी कप उचलून स्वयंपाकघरात गेले आणि नळ पूर्ण सोडला, कारण दुसऱ्याचं बोलणं ऐकायचा मोह मला आवरत नाही, हे मी जाणून आहे. तरी पाण्यातून त्यांचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. एकदा हसल्यासारखं झालं. मी तोच कप पुन्हा पुन्हा विसळत राहिले.

"ये गं," काकूंनी हाक मारली.

स्क्रीन काळी होती. त्यात खिडकीचा चौकोन आणि आम्ही दोघी अंधुक दिसत होतो. काकू हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. मला वाटलं, आता त्या रडतील, आणि मला काय करावं ते सुचणार नाही. पण त्या मान तिरकी करून काहीतरी ऐकत होत्या. मीही ऐकायला लागले. गरम हवेची भट्टी उन्हाळ्यासाठी बंद केलेली होती. फ्रिज तेवढा गुणगुणत होता, तोही थांबला.

"ह्या घराला आवाजच नाही का गं?" त्या म्हणाल्या.

एवढी वर्षं त्या घरात वाजलं ते सगळं नागपूरचं होतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं. मी उठून खिडकीची कडी काढली. कित्येक वर्षांत ती कुणी उघडली नसावी. दोन्ही हातांनी दणका दिला, तेव्हा कुठे ती करकरत वर गेली. बाहेर शेजारचा माणूस गवत कापत होता. मशीनचा खरखराट, पेट्रोलचा आणि कापलेल्या गवताचा वास, कुणाचं तरी कुत्रं, असं सगळं एकदम आत आलं.

"मोठा आवाज आहे, काकू. बंद करू का?"

"नको, असू दे," काकू म्हणाल्या, आणि खुर्ची उचलून खिडकीशी नेऊन बसल्या.